कोठीच्या दारावरचा फळा

आपल्या विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून द्यावी, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी लगेच होकार दिला. या शाळेत मी पाचवी ते दहावी शिकलो, येथील वसतिगृहात राहिलो आणि इतिहासात एम. ए. करून पुन्हा येथेच शिक्षक म्हणून रुजू झालो. त्यामुळे आठवणींना तोटा नाही. पहाटेची वंदना, थंडीत हौदाच्या पाण्याने केलेली आंघोळ, १४ एप्रिलच्या मिरवणुकीची तयारी, रात्री एका दिव्याखाली चौघांनी मिळून केलेला अभ्यास, यांपैकी कशावरही लिहिता आले असते. परंतु लिहावयास बसलो आणि या सर्वांच्या आधी एक जुनी गोष्ट पुढे येऊन उभी राहिली. चाळीस वर्षे ती मी मनात ठेवली. खरे सांगायचे तर ती नीट सांगण्याचे शब्दच माझ्यापाशी नव्हते. ते शब्द मला गेल्या उन्हाळ्यात आपल्याच संगणक कक्षात मिळाले.

आपली एक माजी विद्यार्थिनी आज संगणक अभियंता आहे. सुट्टीत गावी आली की ती आठवडाभर येथे येऊन वरच्या वर्गांतील मुलामुलींना प्रोग्रॅमिंग शिकवते. गेल्या मे महिन्यात मीही तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. ‘‘सर, तुम्ही बसलात की मला परीक्षेची भीती वाटते,’’ असे ती हसत म्हणाली. पण त्या दिवशी परीक्षा माझीच व्हायची होती.

तिने मुलांना प्रथम एक साधी गोष्ट सांगितली. आजच्या सामान्य संगणकातही काम करणारे गाभे चार किंवा आठ असतात. एकच मोठे काम या सर्वांना वाटून दिले तर ते लवकर उरकते. एका प्रोग्रॅममधून अशा रीतीने एकाच वेळी चालणाऱ्या प्रवाहांना ‘थ्रेड’, म्हणजे धागे, असे म्हणतात. हे धागे एकाच घरात राहतात, म्हणून त्यांची काही स्मृती सामायिक असते आणि काही ज्याची त्याची खासगी. धाग्याने एखादे उपकार्य करावयास घेतले की त्यापुरती लागणारी चले त्याच्या स्वतःच्या ‘स्टॅक’वर तयार होतात, तेथे इतर धागे सहसा फिरकत नाहीत. उलट, प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच सर्वांसाठी जाहीर केलेली चले सर्व धाग्यांना दिसतात आणि कोणताही धागा ती बदलू शकतो.

मुलांच्या चेहऱ्यांवर प्रश्नचिन्ह पाहून ती म्हणाली, ‘‘तुमची लोखंडी पेटी ही खासगी स्मृती, आणि मधल्या चौकातला सूचनाफलक ही सामायिक स्मृती.’’ वसतिगृहातील मुलांना यापुढे काही सांगावे लागले नाही.

मग तिने एक प्रयोग केला. एक सामायिक चल घेतले, त्यात शून्य ठेवले आणि चार धाग्यांना सांगितले, की प्रत्येकाने त्यात एक लाख वेळा एक मिळवावा. उत्तर काय यावे? सातवीतला मुलगाही सांगेल: ४,००,०००. प्रोग्रॅम चालवला. उत्तर त्याच्या निम्म्याच्या आसपास आले. पुन्हा चालवला, तर वेगळेच आले. तिसऱ्यांदा आणखी वेगळे. प्रोग्रॅममधले एक अक्षरही बदललेले नव्हते. मुले हसू लागली. एकाने विचारले, ‘‘मॅडम, संगणक बिघडला का?’’

ती म्हणाली, ‘‘संगणक ठीक आहे. कोणत्याही धाग्याने बेरीज चुकवलेली नाही. प्रत्येकाने सांगितले तेवढेच आणि बरोबर काम केले आहे. तरीही उत्तर चुकले आहे. का, ते शोधा.’’

हे वाक्य ऐकले आणि मी बाकावर सावरून बसलो.

तिने फळ्यावर उलगडून दाखवले. ‘एक मिळव’ ही आपल्याला एक क्रिया वाटते. यंत्राला त्या तीन आहेत. सामायिक जागेतील आकडा वाचावयाचा, आपल्यापाशी त्यात एक मिळवावयाचा आणि आलेला आकडा परत तेथे लिहावयाचा. आता समजा, त्या जागी ७ आहेत. पहिल्या धाग्याने ७ वाचले. तो लिहिण्यापूर्वीच दुसऱ्यानेही ७ वाचले. पहिल्याने ८ लिहिले. दुसऱ्यानेही आपले गणित केले आणि ८ लिहिले. दोघांनी एक-एक मिळवला, पण वाढ एकाचीच झाली. पहिल्याचे श्रम दुसऱ्याच्या लिहिण्याखाली पुसले गेले, आणि ते पुसल्याचे दुसऱ्याला ठाऊकही नाही. या प्रकाराला ‘रेस कंडिशन’ म्हणतात, म्हणजे कोण आधी पोहोचतो यावर उत्तर ठरण्याची अवस्था; आणि जे हरवले त्याला ‘लॉस्ट अपडेट’, म्हणजे हरवलेली नोंद.

मुले वहीत उतरवून घेत होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र संगणक कक्षाचा पांढरा फळा राहिला नव्हता. तेथे कोठीच्या दारावरचा छोटा काळा फळा आला होता, आणि त्यावर खडूने लिहिलेला २९० हा आकडा.

आम्ही नववीत होतो. धान्याच्या कोठीचे काम त्या काळी मुलांकडेच असे. कोठीच्या दारावर एक फळा टांगलेला होता आणि त्यावर शिल्लक ज्वारीचा आकडा किलोत लिहिलेला असे. धान्य काढणाऱ्याने आकडा पाहावा, आत जाऊन तोलून द्यावे, बाहेर येऊन जुना आकडा पुसावा आणि नवा लिहावा. धान्य आले तरी तोच रिवाज. दोन मुलांची जोडी महिनाभर हे काम पाही. त्या महिन्यात मी आणि माझा एक जिवलग मित्र अशी जोडी होती. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याचे कारण शेवटी येईल.

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. वीज गेलेली होती. फळ्यावर २४० हा आकडा होता. मी तो पाहिला आणि रात्रीच्या भाकरींसाठी ज्वारी तोलावयास आत गेलो. त्याच सुमारास फाटकाशी बैलगाडी आली. कुणा उपासकाने दान म्हणून ५० किलोचे पोते पाठवले होते. मित्राने जाता जाता फळ्यावरचे २४० पाहिले आणि तो फाटकाकडे गेला. मी ३० किलो तोलून दिले, बाहेर आलो, २४० पुसले, २१० लिहिले आणि ज्वारी घेऊन स्वयंपाकघराकडे गेलो. थोड्या वेळाने मित्र पोते घेऊन आला. २४० अधिक ५० हे गणित त्याच्या मनात तयारच होते. अंधारात त्याने फडक्याने फळा पुसला आणि लिहिले: २९०.

दुसऱ्या दिवशी महिनाअखेरचे वजन झाले. कोठीत ज्वारी भरली २६० किलो. ३० किलोंची तूट.

आज हे गणित पाचवीच्या मुलालाही सुटेल. परंतु त्या दिवशी कोणाहीपुढे सगळे आकडे एकत्र नव्हते. फळ्यावर शेवटचा आकडा तेवढा होता, आणि तो मित्राच्या अक्षरात होता. अधीक्षक सरांनी आम्हा दोघांना उभे केले. मला विचारले, ‘‘काल संध्याकाळी दिलेली ज्वारी तू वजा केलीस का?’’ मी म्हणालो, ‘‘हो सर.’’ ते खरेच होते. मित्राला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘फळ्यावर २४० होते सर. त्यात मी ५० मिळवले.’’ तेही खरेच होते. पण या दोन खऱ्या उत्तरांची बेरीज त्यांनी अशी केली: वजाबाकी होऊन २४० उरले होते, त्यात ५० आले, म्हणजे २९० हवेत; ज्याअर्थी २६० आहेत, त्याअर्थी आलेल्या पोत्यातील ३० किलो कोठीत पोहोचण्यापूर्वीच कोठेतरी गेले. आणि फाटकापासून कोठीपर्यंत पोते कोणी आणले, हे सर्वांना ठाऊक होते. मित्राचे घर शेजारच्या वस्तीतच होते, हेही सर्वांना ठाऊक होते.

माझ्या खिशात एक लहान डायरी असे. रोजचा हिशेब मी तीत लिहीत असे. त्या संध्याकाळची नोंद होती: ‘ज्वारी ३०. फळा २१०.’ तो २१० हा एक आकडा मी उच्चारला असता, तर सगळे तेथेच मिटले असते. ‘२४०’ हे मित्राचे शब्द ऐकून मला आतून खटकलेही. मी तर २१० लिहिले होते, मग याला २४० कोठे दिसले? पण लगेच दुसरा विचार आला: माझे २१० कोणी पाहिले आहेत? कोणीच नाही. मग माझ्यावरच विश्वास कोण ठेवील? ‘तू लिहिलेच नाहीस, तो आकडा डायरीत मागाहून घातलास’, असे कोणी म्हणाले तर? ती ३० किलो माझ्या अंगावर येतील. मी गप्प राहिलो. अर्धे भयाने, अर्धे अज्ञानाने. त्यांतले भय किती आणि अज्ञान किती, याची वाटणी मला अजूनही प्रामाणिकपणे करता येत नाही.

अधीक्षक सर दुष्ट नव्हते. त्यांनी मित्रावर हात उगारला नाही, त्याला शाळेतून काढलेही नाही. फक्त त्याचे कोठीचे काम काढून घेतले आणि त्याच्या वडिलांना बोलावणे पाठवले. त्याचे वडील शेतमजूर होते. ते आले, त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एक शब्दही न बोलता परत गेले. दोन दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर ज्वारीचे गाठोडे होते. आम्ही वर्गाच्या खिडकीतून पाहत होतो. कोठीपुढे त्यांनी ते उतरवले, तोलून घ्यावयास सांगितले, आणि काट्यावर ३० किलो पुरे भरेपर्यंत ते तेथे उभे राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मित्र शाळेत परत आला नाही.

हे सर्व त्या संगणक वर्गात माझ्या डोळ्यांपुढून गेले. पुढे मुले प्रोग्रॅम दुरुस्त करू लागली होती. बाईंनी त्यांना कुलूप दिले. प्रोग्रॅमिंगमध्ये ‘लॉक’ म्हणून एक साधन असते: एका वेळी एकाच धाग्याला ते घेता येते, बाकीच्यांनी थांबावयाचे. ज्या मजकुरात सामायिक स्मृतीला हात लागतो, तो कुलपाच्या आत ठेवावयाचा. दोन मुलांनी लगेच कुलूप लावले आणि प्रोग्रॅम चालवला. उत्तर पुन्हा चुकले. त्यांनी कुलूप लावले होते ते केवळ लिहिण्याच्या क्षणापुरते. वाचणे कुलपाबाहेरच राहिले होते. दोघांनी आधीच जुना आकडा वाचून ठेवला असेल, तर पुढे त्यांनी रांगेत उभे राहून शिस्तीने लिहिले तरी चूक ती चूकच. वाचणे, मिळवणे आणि लिहिणे ही तिन्ही एकाच कुलपात हवीत. तसे केल्यावर ४,००,००० आले, आणि कितीही वेळा चालवले तरी तेच आले.

मला आठवले, आम्ही दहावीत गेलो त्या वर्षी कोठीच्या दारावरचा फळा निघाला होता आणि त्याच्या जागी बांधलेली नोंदवही आली होती. तिला सुतळीने एकच पेन्सिल बांधलेली असे. आता कळते की ती पेन्सिल म्हणजे कुलूपच होते. ज्याच्या हाती पेन्सिल, त्याने आधीची ओळ वाचावी, धान्य द्यावे, खाली नवी ओळ लिहावी आणि मगच पेन्सिल सोडावी. शिवाय वहीत जुनी ओळ पुसली जात नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. फळा केवळ ‘आता काय आहे’ ते सांगतो. ‘येथवर कसे आलो’ हे सांगण्यासाठी वही लागते. आमच्या फळ्याला भूतकाळच नव्हता, म्हणून शेवटी लिहिणाराच आरोपी ठरला.

तासानंतर मी बाईंना विचारले, की अशा चुकीमुळे जगात कोणाचे खरोखर नुकसान झाले आहे काय. तिने मला थेराक-२५ या यंत्राची हकीकत सांगितली, आणि पुढे मी ती मिळवून वाचली. कर्करोगावर किरणोपचार करणारे हे यंत्र कॅनडात तयार झाले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे त्याचे सहा अपघात झाले. रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरण बसले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ साली झालेल्या दोन अपघातांचा उलगडा असा झाला: यंत्रातील अनेक कामे एकाच वेळी चालत आणि ती सामायिक स्मृतीतून एकमेकांना निरोप देत, पण त्या स्मृतीला पुरेसे संरक्षण नव्हते. तंत्रज्ञाने माहिती भरली आणि झालेली चूक अगदी झटपट सुधारली, तर ती सुधारणा एका कामाला कळे आणि दुसऱ्याला कळतच नसे. सावकाश टंकन करणाऱ्याच्या हातून हे कधीच घडत नसे. तेथील भौतिकशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न करून, टंकनाचा वेग साधून, ती चूक घडवून दाखवली, तेव्हा कोठे ती मान्य झाली.

या हकीकतीतील एक गोष्ट मला फार लागली. पहिल्याच अपघातातील रुग्ण स्त्रीने आपल्याला भाजल्याचे सांगितले होते, आणि तिला उत्तर मिळाले होते की ते शक्यच नाही. यंत्राचा आकडा खरा आणि माणसाचे सांगणे खोटे, हा निवाडा किती सहज होतो! आमच्या कोठीपुढेही तोच झाला होता. ‘फळ्यावर २४० होते सर’, असे एक मुलगा सांगत होता आणि ते खरे असू शकेल, असे कुणाच्याही मनात आले नाही. आपण आंबेडकरी माणसे एरवी वारंवार सांगतो, की व्यक्तीला दोष देण्यापूर्वी रचना तपासा. गरिबाच्या घरात भाकरी नसते ती त्याच्या आळसाने नव्हे, मुलगा शाळेत मागे पडतो तो त्याच्या बुद्धीने नव्हे, हे आपण जगाला पटवून देतो. परंतु आपल्याच अंगणात रचना चुकली, तेव्हा आपणही चोर शोधला. आणि शोधला तो आपल्यातल्या सर्वांत गरीब घरात.

कुलूप या शब्दाविषयी मला प्रथम थोडी अढी होती. सामायिक वस्तूला कुलूप, हे आपल्या कानांना बरे वाटत नाही. महाडचे चवदार तळे सार्वजनिकच होते. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचे सांगितले. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि न्यायालयातील निकाल हाती यावयास १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. ‘सामायिक’ असे नुसते जाहीर केल्याने वस्तू सामायिक होत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पण त्या वर्गात बसल्यावर मला पाळी आणि मज्जाव यांतला भेद स्पष्ट दिसला. मज्जाव विचारतो, तू कोण? पाळी विचारते, तुझ्या आधी कोणी आहे काय? प्रोग्रॅममधील कुलूप धाग्याचे कूळ विचारत नाही. आत कोणी असेल तर थांब, नसेल तर ये, एवढेच सांगते. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९६५ साली हा प्रश्न काटेकोरपणे मांडला. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७४ साली एक रीत प्रसिद्ध केली. तिला बेकरीची रीत म्हणतात. दुकानात आल्यावर प्रत्येकाने क्रमांक घ्यावा आणि सर्वांत लहान क्रमांकाला प्रथम माल मिळावा, असा तिचा साधा न्याय आहे. एखाद्या धाग्याची पाळी कधी येतच नसेल, तर या शास्त्रात त्याला ‘स्टार्व्हेशन’, म्हणजे उपासमार, म्हणतात आणि तो रचनेचा दोष मानतात. रांगेत उभे ठेवावयाचे, पण पाळी येऊ द्यावयाची नाही, ही उपासमार आपल्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. यंत्रांच्या शास्त्राने तरी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, याचे मला समाधान वाटले.

शेवटच्या दिवशी बाईंनी एक नवा मार्ग दाखवला. कुलपाने उत्तर बरोबर येते. पण चार लाख वेळा कुलूप घ्यावयाचे आणि सोडावयाचे, त्यात चारही धागे एकमेकांची वाट पाहत ताटकळतात आणि काम मंदावते. यावर ‘ओपनएमपी’ या पद्धतीत एक सोय आहे. ही पद्धत १९९७ साली फोरट्रान भाषेसाठी आणि १९९८ साली सी भाषेसाठी आली. तीत प्रत्येक चलाविषयी ते ‘शेअर्ड’ की ‘प्रायव्हेट’, हे स्पष्ट लिहिता येते. प्रायव्हेट म्हटले की प्रत्येक धाग्याला स्वतःची प्रत मिळते. गंमत अशी, की ती प्रत सुरुवातीला कोरी असते; बाहेरचे मूल्य तीत आपोआप उतरत नाही. ते हवे असेल तर ‘फर्स्टप्रायव्हेट’ असे वेगळे लिहावे लागते. एक मुलगी चटकन म्हणाली, ‘‘म्हणजे आईने भरून दिलेली पेटी!’’ अगदी तसेच.

बेरजेसाठी याहून सुंदर सोय आहे. तिला ‘रिडक्शन’ म्हणतात. प्रत्येक धाग्याला शून्यापासून सुरू होणारी स्वतःची खासगी प्रत मिळते. तो आपली मोजणी शांतपणे तेथे करतो. कोणी कोणाचे पुसत नाही, कोणी कोणासाठी ताटकळत नाही. काम संपताना मात्र प्रत्येकाची खासगी बेरीज सामायिक बेरजेत मिळवली जाते. मुलांनी तसे केले. उत्तर ४,००,०००, आणि तेही झटकन.

‘‘पण एक लक्षात ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘समांतर भाग संपला की खासगी प्रती नष्ट होतात. शेवटी मिळवणी झाली नसेल, तर आत कितीही अचूक मोजले असले तरी ते गेले. आणि धाग्याने मनातल्या मनात, म्हणजे आपल्या तात्पुरत्या प्रतीत, आकडा बदलला, पण तो सामायिक स्मृतीत उतरवलाच नाही, तर दुसऱ्यांच्या दृष्टीने तो बदललेलाच नसतो.’’

त्या वाक्याने मला माझी डायरी आठवली. ‘ज्वारी ३०. फळा २१०.’ अचूक मोजणी. पण चाळीस वर्षांत सामायिक स्मृतीत न उतरलेली.

पहिल्या धम्मसंगीतीची हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पाचशे भिक्खू जमले. महाकश्यप विचारीत गेले. उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला, आणि संघाने तो एकमुखाने म्हटला. एकेकाच्या मनातील स्मृती तेथे सर्वांची झाली. आनंद बोललेच नसते तर? याच हकीकतीत पुराण नावाच्या एका भिक्खूंचा उल्लेख येतो. ते मागाहून आले आणि म्हणाले, की स्थविरांनी चांगले संगायन केले आहे, पण मी स्वतः जसे ऐकले तसेच ध्यानी ठेवीन. इतिहास शिकवताना मी या भिक्खूंपाशी नेहमी थोडा थांबतो. सामायिक स्मृती हवी, पण खासगी प्रत जपणाराही हवा. कारण सामायिक फळ्यावरचे चुकले, तर पडताळणी त्याच्याकडूनच होणार.

वर्ग संपल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी मित्राच्या गावी गेलो. इतक्या वर्षांत आम्ही लग्नकार्यात, जयंतीला भेटत आलो होतो. पण त्या ज्वारीचा विषय दोघांनीही कधी काढला नव्हता. आयुष्यभर वाहनचालकाची नोकरी करून तो आता थकला आहे. मी डायरी त्याच्या हाती दिली आणि सगळे सांगितले. त्याने चष्मा लावला, ती ओळ दोनदा वाचली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘म्हणजे मी मोजायला चुकलो नव्हतो.’’

मला वाटत होते, तो माझ्यावर रागावेल. त्याच्या मनात काय होते, ते मला त्या वाक्याने कळले. चोरी केली नाही हे त्याला ठाऊकच होते. मग ३० किलो गेले कोठे? काटा पाहण्यात, पोते घेण्यात आपलेच काहीतरी चुकले असावे, असे त्याने स्वतःला समजावले होते. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट तीनदा मोजण्याची सवय त्याला लागली होती. एकाच घटनेची अर्धी-अर्धी प्रत आम्ही दोघे चाळीस वर्षे बाळगून होतो, आणि त्यांची मिळवणी कोणीच केली नव्हती.

‘‘बाबांना सांगायला पाहिजे होतं रे,’’ तो एवढेच म्हणाला. त्याचे वडील वारून वीस वर्षे झाली. त्यांनी ते गाठोडे डोक्यावर घेतले तेव्हा मुलावर विश्वास ठेवला होता की नाही, हे त्यालाही ठाऊक नाही. ती प्रत त्यांच्याबरोबर गेली. तिची मिळवणी आता होणार नाही.

मी त्याची क्षमा मागितली. त्याने ‘क्षमा केली’ असे म्हटले नाही, आणि ‘जाऊ दे’ असेही म्हटले नाही. चहा झाला. निघताना मी विचारले, ‘‘स्मरणिकेत लिहू का?’’ तो म्हणाला, ‘‘लिही. माझं नाव नको. पण बाबांनी तीस किलो ज्वारी भरून दिली, ते लिही. ते कुठंच लिहिलेलं नाही.’’

मी जुनी नोंदवही काढून पाहिली. खरोखर ते कोठेच लिहिलेले नाही. म्हणून येथे लिहीत आहे: या विद्यालयातील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी, जे त्यांच्याकडून येणे नव्हते असे ३० किलो धान्य, स्वतःच्या डोक्यावरून आणून आपल्या कोठीत भरले. त्या महिन्यातील भाकरी आपण सर्वांनी खाल्ल्या आहेत. हे ऋण शाळेच्या खाती मांडले जावे.

डायरी मी शाळेच्या ग्रंथालयात ठेवावयास दिली आहे. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. आपणांपैकी प्रत्येकाच्या पेटीत अशी एखादी ओळ असेल: कोणी न पाहिलेला आकडा, कोणी न ऐकलेले उत्तर, कोणाच्या तरी आईने वसतिगृहाच्या दारात सोसलेली एखादी गोष्ट. ती गौरवाची नसेल तरी चालेल. या शाळेची पहिली पिढी आता साठीच्या पलीकडे आहे. धागे चालू आहेत तोवरच मिळवणी शक्य आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!